तांबड्या रेघेची मोटार

मोटार एकत्र कुटुंबांत आली म्हणजे तिला तीन मालक होतात. पहिला पैसे देणारा, दुसरा चालविणारा आणि तिसरा मागच्या आसनावर बसणारा. नोंदणीच्या कागदावर यांपैकीं एकाचेंच नांव असतें खरें. परंतु घरांतील खलबतें ज्यांस ठाऊक आहेत त्यांना त्या कागदाची किंमत किती हें सांगावयास नको. गेल्या महिन्यांत एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या घरीं वडील मंडळी धरून आठ माणसें. जुनी गाडी काढून नवी घ्यावयाचें ठरलें आहे. गाडी चार मीटरांच्या आंतील पण बसावयास उंच, म्हणजे ज्यांस हल्लीं 'कॉम्पॅक्ट एस्. यू. व्ही.' म्हणतात त्यांपैकीं असावी, येथवर सर्वांचें एकमतही झालें आहे. घोडें अडलें आहे तें निराळ्याच ठिकाणीं. थोरल्या चिरंजिवांस साधी व्हेन्यू नको, तिची 'स्पोर्टी' म्हणून मिळणारी एन-लाइनच हवी. सासूबाई एवढेंच म्हणतात, "मला त्यांतलें कळत नाहीं; माझ्या पाठीला सोसेल तें घ्या." बाईंचा प्रश्न असा कीं, हे जास्तीचे पैसे कशाचे, आणि ते द्यावे काय?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत 'अमुक गाडी चांगली कीं तमुक' असे प्रश्न पुष्कळ असतात. पैसे कशाचे, हा प्रश्न क्वचित् कोणी विचारतो. म्हणून त्याला विस्तारानें उत्तर देणें बरें. ह्युंदाईची व्हेन्यू २०१९ सालीं प्रथम आपल्याकडे आली आणि तिची एन-लाइन सप्टेंबर २०२२ मध्यें. ही २०२२ ची एन-लाइन आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं आहे. ती आम्हीं चालविली आहे आणि, परीक्षणाच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाचें म्हणजे, तिच्या मागच्या आसनावर तासन्‌तास बसलोंही आहों. नोव्हेंबर २०२५ मध्यें व्हेन्यूचा सर्वस्वीं नवा अवतार निघाला. त्याविषयीं शेवटीं लिहूं.

प्रथम नांवाविषयीं. 'एन' हें अक्षर नामयांग व न्यूरबर्गरिंग या दोन स्थळांच्या नांवांवरून घेतलेलें आहे. कोरियांतील नामयांग येथें कंपनीचें संशोधन-केंद्र आहे, आणि जर्मनींतील न्यूरबर्गरिंग हा वीस किलोमीटरांहून लांब असा वळणावळणांचा शर्यतीचा मार्ग. खऱ्या 'एन' जातीच्या गाड्या युरोपांत २०१७ पासून विकल्या जाऊं लागल्या. त्यांचें इंजिन निराळें, ब्रेक निराळे, सर्वच प्रकार निराळा. 'एन-लाइन' ही त्यांच्या खालची पायरी. त्या घराण्याशीं सोयरीक सांगणारी, पण त्या घरांत न नांदणारी, असें तिचें वर्णन केल्यास अन्याय होणार नाहीं. हें आरंभींच सांगण्याचें कारण, मागच्या दारावरील एका अक्षरानें तरुण मंडळींच्या मनांत भलत्याच अपेक्षा उत्पन्न होतात.

दुसरी गोष्ट चार मीटरांची. आपल्या रस्त्यांवर एवढ्या आंखूड उंच गाड्या दिसतात त्याचें श्रेय शिल्पकारांपेक्षां अर्थखात्याकडे जास्त जातें. २००६ सालच्या अर्थसंकल्पांत लहान गाड्यांवरील उत्पादन-शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलें गेलें. लहान म्हणजे लांबी चार मीटरांच्या आंत, आणि इंजिन पेट्रोलचें असल्यास १२०० घनसेंटीमीटरांपर्यंत, डिझेलचें असल्यास १५०० पर्यंत. ती रेघ पुढें वस्तु-सेवा करांतही तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आंतील गाड्यांवर १८ टक्के कर आहे व बाहेरील मोठ्या गाड्यांवर ४०. व्हेन्यूची लांबी ३९९५ मिलीमीटर आहे! पांच मिलीमीटर हातचे राखून कारखानदारानें गाडी बेतली ती कोणत्या हिशेबानें, हें शाळकरी मुलासही सांगतां येईल. इंजिनाचेंही तेंच. ९९८ घनसेंटीमीटरांचें तीन नळकांड्यांचें हें इंजिन आकारानें लहान. पण बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरानें एक पंखा फिरवून, त्याच्या योगें आंत अधिक हवा कोंडण्याची टर्बो नांवाची युक्ति त्याला जोडलेली आहे. त्यामुळें त्यांतून १२० अश्वशक्ति निघते. साध्या व्हेन्यूच्या १.२ लिटरच्या इंजिनांतून ८३ च निघते. कर लहान इंजिनाचा आणि जोर मोठ्या इंजिनाचा, असा हा व्यवहार आहे.

आतां मुद्द्याची गोष्ट. हेंच टर्बो इंजिन, याच १२० अश्वशक्तीचें व १७२ न्यूटन-मीटर ओढीचें, साध्या व्हेन्यूंतही मिळत होतें व आजही मिळतें. एन-लाइनसाठीं त्याचा जोर तसूभरही वाढविलेला नाहीं. तेव्हां चिरंजीव 'ही जास्त पळते' असें म्हणत असतील, तर त्यांस कागद दाखवावा. तुलना करावयाची ती टर्बो साधी आणि टर्बो एन-लाइन यांची. पुष्कळ घरीं १.२ लिटरची साधी गाडी चालवून पाहतात, मग एन-लाइन चालवितात, आणि जो फरक वाटतो तो तांबड्या रेघांच्या खातीं जमा करतात. तो फरक टर्बोचा असतो.

मग निराळें काय आहे? बाहेरून पाहिलें तर खालच्या कडांवर तांबड्या रेघा, पुढच्या चाकांमागें तांबडे ब्रेक, मागें धुराच्या नळीचीं दोन तोंडें, निराळी जाळी, जागोजागीं तें अक्षर. आंत सर्व काळें, त्यावर तांबडा टांका. हें सर्व आवडीनिवडीचें प्रकरण असल्यामुळें त्याविषयीं मत देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. एक मात्र सांगूं. एप्रिलांत दुपारीं उन्हांत उभी केलेली काळ्या अंतर्भागाची गाडी ज्यांनीं उघडली आहे, ते तांबड्या टांक्याचें कौतुक संध्याकाळपर्यंत पुढें ढकलतील. काळ्या रंगानें आंतील जागा आहे त्याहून लहान भासते हेंही खरें.

न दिसणारे फरक चार, आणि जास्तीच्या पैशांचा खरा हिशेब त्यांतच आहे. स्प्रिंगा व धक्केशोषक कांहींसे कडक केलेले. सुकाणूचें चक्र अधिक जड. मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक, जे त्या वेळच्या साध्या व्हेन्यूला नव्हते, तिला मागें ड्रमच होते. आणि धुराच्या नळीचा आवाज मुद्दाम खर्जांत बसविलेला. या शेवटच्या गोष्टीचें आमच्या पुतण्यास अतोनात कौतुक. गांवांतून सावकाश जातांना तो आवाज जाणवत नाहीं. पाय जोरानें दाबला कीं गुरगुर सुरू होते. पहिल्या दिवशीं आमच्या मातोश्रींनीं ती ऐकून "हिला बरें नाहीं काय?" असें विचारलें होतें.

कडक स्प्रिंगांची परीक्षा सपाट रस्त्यावर होत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत पुण्याहून पांचगणीस जाण्याचा योग आला तेव्हां ती झाली. पुतण्या चालवीत होता, आम्ही त्याच्या शेजारीं, मागें मातोश्री, वहिनी व पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी. सातारा रस्त्यावर बोलण्यासारखें कांहीं घडलें नाहीं. शंभराच्या आंतबाहेर गाडी रुळावर चालल्यासारखी स्थिर होती आणि जड चक्रामुळें हातांतही स्थिर वाटत होती. खंबाटकीच्या चढावर पांच माणसें व सामान घेऊन एका मालमोटारीस मागें टाकतांना त्या १७२ न्यूटन-मीटरांचा अर्थ कळला. ही ओढ इंजिनाचे १५०० फेरे होतांच मिळूं लागते, त्यामुळें गाडीस धांपा टाकीत वर चढावें लागत नाहीं. पण हें श्रेय टर्बोचें, हें पुन्हा सांगतों.

एन-लाइनचें स्वतःचें श्रेय वाई सोडून पसरणीच्या घाटाला लागल्यावर दिसलें. उंच गाडी वळणावर बाहेरच्या अंगास कलते, लगेच दुसऱ्या वळणावर दुसऱ्या अंगास, आणि मागें बसलेल्याचें पोट या झोक्यांबरोबर हिंदकळतें. घाटांत मुलांना व म्हाताऱ्या माणसांना मळमळतें त्याचें मोठें कारण हें आहे. कडक स्प्रिंगांनीं हा कल पुष्कळ कमी होतो. आमच्या नातीस प्रत्येक घाटांत एकदां तरी उतरावें लागतें. त्या दिवशीं पांचगणीपर्यंत तिला उतरावें लागलें नाहीं. पुतण्याला बजावून ठेवलें होतें कीं, वळणांत एकदम पाय दाबूं नकोस व एकदम सोडूं नकोस. त्याचाही यांत वांटा असेल. तरी साध्या गाडींतून हाच पुतण्या हाच घाट चढतांना काय होत असे हें आम्हांस ठाऊक आहे.

परततांना आम्हीं जागा बदलल्या. सुनेनें गाडी चालविली आणि आम्ही मागें मातोश्रींजवळ बसलों. घाट उतरतांना मागच्या डिस्क ब्रेकांचा भरंवसा वाटला. लांब उतारावर ब्रेक तापतात, आणि उघड्या चकतीची उष्णता बंद डब्यांतल्यापेक्षां लवकर निघून जाते. अर्थात् उतारावर खालचा गिअर ठेवणें हा पहिला नियम, तो कोणत्याही ब्रेकानें रद्द होत नाहीं. पण वाई गांवांतल्या गल्ल्यांत शिरतांच चित्र पालटलें. पाण्याच्या नळासाठीं खणून अर्धवट बुजविलेले चर, आणि दर शंभर पावलांवर कोणीतरी स्वखुषीनें घातलेले गतिरोधक. पुढें बसलों असतां जो धक्का 'थड्' असा वाटला होता, तोच मागें कमरेच्या मणक्यांत पोंचला. याचें कारण गाडीच्या रचनेंत आहे. पुढचीं आसनें पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यावर असतात, मागचें आसन जवळजवळ मागच्या आंसावरच येतें. शिवाय अशा गाड्यांत मागचीं दोन्ही चाकें एका पिळल्या जाणाऱ्या दांड्यानें जोडलेलीं असल्यामुळें एका चाकाचा दणका दुसऱ्या अंगासही थोडा पोंचतो. लांब, सौम्य उंचवट्यांवर गाडी उत्तम. आंखूड व टोंकदार खड्ड्यांवर ती कडक. पन्नासच्या वेगानें जें पुष्कळसें लपतें तें पंधराच्या वेगानें उघडें पडतें, आणि आपलें शहरांतलें आयुष्य बहुतेक पंधरानेंच चालतें.

मातोश्रींना सायंकाळीं विचारलें. त्या म्हणाल्या, "घाटांत बरें वाटलें रे, पोटांत ढवळलें नाहीं. पण त्या वाईच्या गल्लींत पाठ बोलूं लागली." सुनेनें लगेच म्हटलें, "आजी, तुम्ही उजव्या बाजूला होतां ना, चर त्याच बाजूला होते. पुढच्या खेपेस डावीकडे बसा." त्यावर मातोश्री म्हणाल्या, "चर काय माझी बाजू विचारून खणतात?"

आमच्या मतें पत्रलेखिका बाईंच्या प्रश्नाचें उत्तर या एका संभाषणांत आहे. घरांत जें वडील माणूस मागें बसणार, त्याची तक्रार पोटाची आहे कीं पाठीची, हें आधीं ठरवावें. ज्यांच्या घरीं वर्षांतून चार वेळां कोंकणांत किंवा घाटमाथ्यावर जाणें होतें आणि मागें बसणारास गाडी लागते, त्यांना एन-लाइनचे जास्तीचे पैसे वायां जाणार नाहींत. ज्यांची गाडी मुख्यतः दवाखाना, मंडई, देऊळ व नातलग यांच्या फेऱ्यांत फिरणार आणि मागें कमरेचा पट्टा बांधलेली सासूबाई बसणार, त्यांनीं तेंच टर्बो इंजिन असलेली साधी व्हेन्यू घ्यावी. त्यांत तरुणाचा वेग शाबूत राहतो. त्याच्या हातून जाते ती फक्त गुरगुर व रेघ. बाईंच्या सासूबाईंनीं पाठीचें नांव घेतलेंच आहे. तेव्हां आमचा कौल साध्या टर्बोकडे पडतो, चिरंजिवांस तो रुचला नाहीं तरी.

गिअरांविषयीं थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण या बाबतींत विकणारे फार घाईनें बोलतात. २०२२ ची एन-लाइन केवळ सात गिअरांच्या, दोन क्लच असलेल्या स्वयंचलित यंत्रणेसह मिळत असे. हातानें बदलावयाच्या सहा गिअरांची २०२३ मध्यें आली. दोन क्लचांची युक्ति अशी कीं, एका क्लचावर पहिला, तिसरा, पांचवा व सातवा, दुसऱ्यावर दुसरा, चौथा व सहावा. एक गिअर चालू असतांना पुढचा आधींच तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल डोळ्याच्या पात्यासारखा होतो. मोकळ्या रस्त्यावर याहून सुखद यंत्रणा या किंमतींत आम्हीं पाहिली नाहीं. परंतु आंत आहेत ते क्लचच. मुंगीच्या पावलानें सरकणाऱ्या गर्दींत ते अर्धवट टेकलेल्या स्थितींत घासतात व तापतात. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर पडूं द्यावें आणि मग एकदम दोन गाड्यांइतकें पुढें जावें. वीत-वीतभर सरकूं नये. चढावर गाडी पेट्रोलच्या पायानें धरून ठेवूं नये, ब्रेकनें धरावी. आमच्या घरीं हा नियम सर्वांत नेटकेपणानें सून पाळते, सर्वांत कमी तिचा नवरा.

तरीही ज्यांच्या घरीं साठीच्या पुढचे गृहस्थ स्वतः गाडी चालवितात, किंवा जेथें सुना व मुली रोज शहरांतून जातात येतात, तेथें स्वयंचलित घेणेंच बरें. डाव्या गुडघ्याचा विचार करून गाडी घेण्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. शहरांत या टर्बोस पेट्रोल बरेंच लागतें. लिटरला दहा-बारा किलोमीटर मिळाले तर समाधान मानावें. महामार्गावर सांभाळून चालविली तर हा आंकडा चांगला वाढतो, पण सांभाळून चालविण्यासाठीं कोणी 'स्पोर्टी' गाडी घेत नाहीं, ही यांतली गंमत आहे.

मागच्या आसनावर दोघांस ऐसपैस, तिघांस अडचण; मधली जागा लहान मुलाचीच समजावी. ही उणीव दोन्ही आवृत्तींत सारखी. आसनाची उंची मात्र गुडघेदुखीच्या माणसास फार सोयीची आहे. खालीं वांकावें लागत नाहीं, वर चढावें लागत नाहीं, नुसतें बाजूनें टेकलें कीं झालें. सामानाची जागा ३५० लिटरची, म्हणजे चार दिवसांच्या प्रवासास चौघांच्या बॅगा व फराळाचा एक डबा. आठ माणसांच्या घराला पांच आसनांची गाडी पुरी पडणार नाहीं हें उघड आहे; पण बाईंनीं तें विचारलें नाहीं आणि आम्हीही त्या वादांत शिरत नाहीं.

आतां किंमत. २०२२ सालीं एन-लाइनच्या दोन प्रतींची दुकानांतली किंमत १२.१६ लाख व १३.१५ लाख रुपये होती. नोंदणी व विमा निराळा. २०२५ च्या नव्या अवताराची सुरुवात १०.५५ लाखांपासून झाली. उतरण्याचें एक कारण आरंभीं सांगितलेली करांतील कपात, आणि दुसरें असें कीं, नव्या यादींत पहिली पायरी हातानें गिअर बदलावयाच्या गाडीची आहे. इंजिन तेंच, अश्वशक्ति तीच, लांबी तीच ३९९५. रुंदी १७७० वरून १८०० मिलीमीटर झाली व दोन आंसांमधील अंतर २५०० चें २५२० झालें, म्हणजे मागें बसणारास थोडा श्वास घेतां येईल. सहा एअरबॅगा सर्व प्रतींस आहेत. आणि महाराष्ट्रांतील वाचकांस ठाऊक असावें असें म्हणजे, ही नवी व्हेन्यू पुण्याजवळ तळेगांव येथें तयार होते. तेथला कारखाना पूर्वी जनरल मोटर्सचा होता. तो ह्युंदाईनें घेतल्यावर तेथून बाहेर पडलेली ही पहिलीच गाडी.

नवीच्या स्प्रिंगा जुनीइतक्या कडक आहेत कीं नाहींत हें कागदावरून ठरवूं नये. बाईंनीं दोन्ही गाड्या, साधी टर्बो व एन-लाइन, एकाच दिवशीं, एकाच मार्गावर मागवाव्या. विक्रेते आपणहून गुळगुळीत रस्त्यावर नेतात. त्यांना आपल्या घराच्या गल्लींतून नेण्यास सांगावें. चिरंजिवांस चालवूं द्यावें आणि सासूबाईंना मागें, आंसाच्या वर, बसवावें. धक्का बसतांच मागें वळून "आजी, बरें आहे ना?" असें कोणी विचारूं नये. नातवाला वाईट वाटेल म्हणून त्या 'बरें आहे' असेंच म्हणतील. घरीं आल्यावर, चहा झाल्यावर विचारावें.

२०२२ ते २०२५ मधील वापरलेली एन-लाइन स्वस्त मिळते म्हणून घ्यावयाची झाल्यास, सकाळीं थंड इंजिनावर पाहून समाधान मानूं नये. अर्धा तास गर्दींत फिरवून ती तापवावी, मग चढावर थांबवून पुन्हा चालू करावी. निघतांना अंगास थरथर जाणवली तर क्लचाची तपासणी झाल्याखेरीज इसाराचे पैसे देऊं नयेत. टायरांच्या आंतल्या कडाही पाहाव्या; त्या एकीकडेच झिजलेल्या असतील तर त्या गाडीनें वाईच्या गल्लीसारख्या पुष्कळ गल्ल्या पाहिल्या आहेत असें समजावें.